हद्द न ठरलेलं पाणी

या, जरा पुढं सरका. कीर्तनाचा उत्तररंग सुरू झाला की मागच्या खांबाला टेकलेली माणसंही बुवांच्या पायाशी येऊन बसतात, तसे या. गोष्ट एका विहिरीची आहे, आणि लांबच्या एका समुद्राचीही.

अमृतने गाळाची पाटी काठावर ओढून घेतली आणि उपडी केली. खाली कमरेइतक्या पाण्यात त्याचे वडील धुळा आणि शेजारचे नानासो एकमेकांकडे न बघता गाळ काढत होते. विहीर दोघांच्या बांधावरची. ती कुणाची, याचा निकाल जतच्या कोर्टात बावीस वर्षं अडकलेला, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. पण पाडव्याआधी एक दिवस दोन्ही घरांनी मिळून गाळ काढायचा, ही रीत एकदाही चुकली नव्हती. बोलायची वेळ आलीच, तर काठावर बसलेल्या अमृतच्या आईमार्फत.

"भामावैनी, तुमच्या मालकाला सांगा, खोरं माझ्या नडगीला लागतंय."

"त्याला म्हनावं, नडगी आवर."

भामाबाईंनी दोन्ही निरोप पदराआड हसून जिरवले.

तेवढ्यात बांधाशी पांढरी गाडी थांबली आणि वीरधवल उतरला. हा उंब्रजचा, जहाजांवर पोरं पाठवायचं काम करणारा. या एका गावातली अकरा पोरं त्याच्या हातून बोटीवर चढली होती. म्हणूनच काल दिवसभर अमृत कागद घेऊन दारोदार हिंडला, तरी एकानेही सही दिली नव्हती.

कागद त्याच्या जबाबाचा होता. अमृत जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला. मागच्या खेपेला त्याच्या जहाजाने तेलकट घाण साफ न करता चोरट्या पाईपने थेट समुद्रात सोडली. मुद्दाम तिथेच, जिथे दोन देश हद्दीवरून भांडत होते. तिथे कोण विचारणार? अमृतने त्या पाईपचे फोटो काढले. तिकडच्या कोळ्यांची जाळी तेलाने माखली तेव्हा त्यांच्या वकीलबाईंनी त्याला शोधून काढलं. हद्द ठरेपर्यंत पाणी जपायची जबाबदारी दोन्ही देशांची, असं समुद्राचा कायदा सांगतो, हे त्यांनीच त्याला फोनवर समजावलं. आता जबाबावर त्याला ओळखणाऱ्या, नात्याबाहेरच्या एका माणसाची सही तेवढी हवी होती. तीही आज संध्याकाळच्या आत.

"नव्या जहाजाचं पत्र आणलंय," वीरधवल म्हणाला. "सोमवारी विमान. फक्त या दुसऱ्या कागदावर सही कर, की तू काही पाहिलं नाहीस."

"बगितलंय की."

"वेडेपणा करू नकोस. ते पाणी कुणाचं हेच अजून ठरलेलं नाही. मग गुन्हा कुणाच्या हद्दीत झाला?"

"माशास्नी इचारून सांगतो."

"नाव एकदा काळ्या यादीत गेलं की बोटीवर पाय पडायचा नाही. मग राख आयुष्यभर मेंढरं."

"राखतो. मेंढरूबी प्यायच्या पान्यात उतरत न्हाई."

तरी अमृतने ते पत्र हातात घेतलं. नव्या जहाजाचं नाव दोनदा वाचलं. मग पत्र गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर बांधावरचा एक दगड ठेवला. भामाबाई त्या दगडाकडे बघत राहिल्या.

"वैनी, त्या सायबास्नी इचारा," विहिरीतून नानासोंचा आवाज घुमत आला. "ह्या हिरीचाबी निकाल लागल्याला न्हाई. मग हितं मेलेलं कुत्रं टाकू का म्या?"

"त्याला म्हनावं, टाकून तर बग!" खालूनच धुळा गरजला.

पायऱ्यांवर फचफच पावलं वाजली. नानासो वर आले, छातीपर्यंत चिखलाने माखलेले.

"आन रं अमृत, तुझा त्यो जबाबाचा कागद."

"नानासो," वीरधवल आवाज दबवून म्हणाला, "तुमचा मुलगा शिवतेज आमच्याच बोटीवर आहे. चढून दोन महिने झाले नाहीत अजून. जरा विचार करा."

नानासोंचा हात अमृतने पुढे केलेल्या पेनापाशी थांबला. त्यांनी एकदा पश्चिमेकडे पाहिलं, जणू समुद्र तिथे बांधाच्या पलीकडेच असावा. मग हात गवताला पुसले, गुडघ्यावर कागद घेतला आणि सावकाश, शाळेतल्यासारखी, अक्षर न् अक्षर सुटं काढत सही केली. कडेला गाळाचा एक अंगठा उमटला.

"व्हय सायेब, त्योबी त्याच पान्यावर हाय," ते म्हणाले. "म्हनूनच केली."

वीरधवलने दगड बाजूला सारून पत्र उचललं. गाडी धूळ उडवत निघून गेली.

नानासो विहिरीच्या काठाशी गेले आणि खाली वाकले. भामाबाई निरोपासाठी मान वर करून वाट बघत होत्या.

"धुळा," नानासो म्हणाले, "सतराला तारीख हाय. येळंवर ये. हीर माझीच हाय."

खालचं खोरं थांबलं. मग आवाज आला.

"येतो की. आधी खाली ये. गाळ अर्धा ऱ्हायलाय."

अमृतने कागद वाळायला उन्हात धरला होता. दोन्ही हातांनी.

आता एवढं करा. आज देवापुढं दिवा लावाल तेव्हा शिवतेजचं नाव घ्या. पोरगं अजून पाण्यावरच आहे.