राहिलेले ठोके

मी डॉक्टर नागसेन यांचं घड्याळ बोलतोय. डॉक्टर जाऊन काही वर्षं झाली, पण माझ्या वरच्या बटणावर त्यांचा अंगठा अजून होता, अगदी परवापर्यंत. हसू नका. पाठीवर कुणी हात ठेवला तर न बघताही कळतंच ना, तसं मला कळायचं.

मी जुना, परदेशातला, चावीचा. वेळ दाखवणं हे माझं चिल्लर काम. वरचं बटण दाबलं की माझा लांब लाल काटा धावू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, आणि खालचं दाबलं की बारावर परत येतो. काटा धावताना नाडीचे तीस ठोके मोजायचे. तो जिथे थांबेल, तिथे मिनिटाचे ठोके लिहिलेले असतात.

सावनेरच्या दवाखान्यात डॉक्टर मला मनगटावरून काढून डाव्या तळहातावर घ्यायचे आणि उजव्या हाताने पेशंटची नाडी धरायचे. मध्येच कुणी बोललं की काटा मागे आणून पुन्हा पहिल्यापासून सुरू. मोजणी अर्धी सोडायची नाही, हा त्यांचा हट्ट. "थांब ना गा दादाजी, नाडी मोजून राहिलो मी," ते म्हणायचे आणि पेशंट दादाजी आलेला खोकलासुद्धा गिळायचा. तेव्हा माझा तोरा काही वेगळाच होता.

मग धरमपेठेतल्या घरी ते स्वतःच अंथरुणाला खिळले. एका दुपारी त्यांनी मला तळहातावर घेतलं, बटण दाबलं आणि दुसरा हात मुलीपुढे केला. "नंदिनी, मोज वं."

ती मोठ्याने मोजू लागली. अकरा म्हणाली. बारावा ठोका आलाच नाही.

मी मात्र धावत होतो. माणसं जमली, रडली, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या. माझं बटण कुणी दाबलं नाही. बाबांनी सुरू केलेलं आपण कसं थांबवायचं, म्हणून नंदिनीने मला तसंच धावतं कपाटात ठेवलं. चावी उतरली तेव्हा मी निपचित पडलो. त्या अंधारात अंगठा बटणावरून हलायचा नाही. मला त्याची फार भीती वाटायची.

परवा जुन्या घड्याळांचा शौकीन रोहित मला घ्यायला आला. नंदिनीनेच बोलावलं होतं, कारण मला घरात ठेवणं तिला सोसवत नव्हतं. त्याने सहज चावी दिली आणि लाल काटा धावू लागला.

नंदिनी उठून उभी राहिली. "हे काहून चालू झालं?"

"बंदच नव्हतं केलं न कोणी, ताई. थांबा, बटण दाबून देतो."

"हात नका लावू."

तिने मला डाव्या तळहातावर घेतलं. बाबांची नाडी आता कुठून आणणार? तिने उजव्या हाताची बोटं स्वतःच्याच मनगटावर टेकवली.

"बारा," ती म्हणाली. मग तेरा. चौदा. ती थांबली नाही. तीस म्हटलं आणि बटण दाबलं.

"पण ताई, हा आकडा तर चुकीचा आहे," रोहित हळूच म्हणाला.

"मालूम आहे मले. बाबांची मोजणी पुरी झाली."

तिने मला विकलं नाही. आता रोज सकाळी चावी देऊन मनगटावर बांधते. खालचं बटण दाबून तिने बारावर आणलेला लाल काटा तिथेच उभा आहे. तीस म्हणून तिने बटण दाबलं, त्याच क्षणी डॉक्टरांचा अंगठा उचलला गेला. इतकी वर्षं ज्याला घाबरलो, त्याचीच आता आठवण येते.

नंदिनी, एवढंच कर. एखाद्या दिवशी कुणाचं तरी मनगट धर आणि मला पुन्हा धावू दे. बटणावर फार रिकामं वाटतं गं.