चिमूटभर गंज

सारंगाचं आणि गंजाचं तीस वर्षांचं वैर होतं. जहाजावरच्या खलाशांचा तो मुकादम. दोर, साखळ्या, रंग, कठडे, सगळं त्याच्या हाताखाली. कुठे तांबूस ठिपका दिसला की हा पठ्ठ्या खरवडणी घेऊन हजर. घरी बायको म्हणायची, "माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीत." सारंगाला खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून तो हे मुकाट कबूल करायचा. ही त्याची शेवटची सफर होती.

तर अशा माणसाला पहिल्याच दिवशी मोठ्या सरांनी, म्हणजे सफरीवरच्या मुख्य शास्त्रज्ञांनी, भर सभेत सांगितलं की आमच्या प्रयोगाला सगळ्यात मोठा धोका तुमच्या जहाजाचा आहे. जहाज लोखंडाचं. आणि प्रयोग नेमका लोहाचा.

भानगड अशी होती. समुद्राच्या या भागात पाण्यात खत भरपूर, ऊन भरपूर, तरी शेवाळ उगवत नाही. शेवाळ नाही म्हणून मासा नाही. सरांच्या हाताखाली संशोधन करणारी पोरगी चार वर्षं एकच गोष्ट सांगत होती, की या पाण्यात सगळं आहे, फक्त लोह नाही. स्वयंपाक सगळा झालाय आणि मीठ तेवढं राहिलंय, असं ती खलाशांना समजावून सांगायची. आता हे सिद्ध करायचं तर बाटल्यांत समुद्राचं पाणी भरायचं, काहींत कणभर लोह घालायचं, काही तशाच ठेवायच्या. पण जहाजाचा गंज चुकून जरी साध्या पाण्यात पडला तरी सगळं मुसळ केरात.

"आमच्या हातून तुमच्या पाण्याला काही झालं, तर मला सांगा," सारंग सभेत ताठ मानेने म्हणाला होता. "तीस वर्षांत कुणी माझ्याकडे बोट दाखवलेलं नाही."

पोरगी दिवसभर हातमोजे घालून असायची, म्हणून खलाशांनी तिचं नाव 'हातमोजेबाई' ठेवलं होतं. तिलाही ते माहीत होतं. ती हसायची आणि सारंगाला 'काका' म्हणायची. मागच्या डेकवर दोन टाक्या होत्या, समुद्राचं पाणी खेळतं ठेवलेल्या. प्रत्येक टाकीत सहा बाटल्या. निळ्या पट्टीच्या तीन साध्या पाण्याच्या, लाल पट्टीच्या तीन लोह घातलेल्या. पहिली टाकी चौथ्या दिवशी उघडायची, दुसरी आठव्या.

चौथ्या दिवशी पहिली टाकी उघडली. एकेका बाटलीतलं पाणी पांढऱ्या कागदातून गाळलं. लाल पट्टीचे कागद हिरवे झाले, ते व्हायचेच होते. पण निळ्या पट्टीचेही तिन्ही हिरवे निघाले.

सारंग तेव्हा भोजनगृहात चहा पीत होता. शेजारच्या टेबलावर सर पोरीशी बोलत होते. आवाज चढवलेला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"साध्या पाण्यातही उगवतंय, म्हणजे एक तर तुझं म्हणणं चुकीचं आहे, नाही तर तुझे हात स्वच्छ नव्हते. काहीही असलं तरी हे मला छापता येणार नाही. दुपारी दुसरी टाकी रिकामी कर. बाकीच्यांना जागा हवी आहे."

"मी नीट धुतले होते, सर."

"मग पाण्यात लोह आलं कुठून?"

सारंगाने चहाचा कप खाली ठेवला.

बाटल्या टाक्यांत ठेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ त्याला आठवली. लाटा जोरात होत्या. नाळेवरचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरचा, गंज खरवडून तो मागे आला, तर पहिल्या टाकीत लाटांच्या बाजूच्या तीन बाटल्यांची झाकणं तिरकी होऊन बुडबुडे सुटत होते. पोरगी रात्रभर जागून नुकतीच झोपली होती. तिला कशाला उठवायचं, म्हणून याने स्वतःच तिन्ही झाकणं काढली, सरळ बसवली आणि घट्ट पिळली. त्याच हातांनी. कुणाला सांगितलंही नाही, कारण एवढ्याशा कामाची दवंडी काय पिटायची? तिन्ही पट्ट्या निळ्या होत्या, हे त्याला आता लख्ख आठवलं.

तो उठून डेकवर गेला. कठड्याला धरून उभा राहिला. गप्प बसलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. आठ दिवसांत बंदर, निरोपाचा हार, कप्तानाचे चार शब्द, की आमचा सारंग म्हणजे धुतल्या तांदळासारखा. आणि सांगितलं तर भर सभेत मिरवलेली ती ताठ मान सगळ्यांसमोर खाली. या वयात लाज फार लागते, खोटं कशाला बोला. त्याने मनाशी ठरवूनही टाकलं की आपण काही पाहिलं नाही, काही केलं नाही.

तसाच तो खाली जायला वळला. वाटेत प्रयोगशाळेचं दार उघडं होतं.

पोरगी बेसिनपाशी उभी होती. हातमोजे काढून ठेवले होते. इतक्या दिवसांत तिचे उघडे हात त्याने पहिल्यांदाच पाहिले. धुऊन धुऊन बोटांची कातडी सोलली होती, नखांच्या कडेला रक्त साकळलं होतं. आणि तरी ती ब्रशने हात घासत होती. रडत नव्हती. नुसती घासत होती.

सारंग दारातून आत आला.

"बस कर पोरी," तो म्हणाला. "तुझे हात स्वच्छ आहेत. घाण माझ्या हाताला होती. सरांना बोलव, दोघांना एकदमच सांगतो. दोनदा सांगायची माझी छाती नाही."

सर आले. त्याने सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. सरांनी एकच विचारलं, "दुसऱ्या टाकीला हात लावला होता?"

"नाही. आईची शपथ."

दुपारी दुसरी टाकी रिकामी करायची ती केलीच, पण समुद्रात ओतून नाही. एकेक बाटली गाळली. लाल पट्टीचे कागद हिरवे झाले. निळ्या पट्टीचा पहिला कागद पांढराच राहिला. दुसराही पांढरा. तिसरी बाटली सरांनी स्वतः गाळली. तोही कागद पांढरा.

"माझं चुकलं," सर तिला म्हणाले. "विचारण्याआधी ठपका ठेवला." मग सारंगाकडे वळले. "तुमचंही चुकलंय, सारंग. ते वहीत लिहावं लागेल."

"लिहा," सारंग म्हणाला. "ठळक लिहा."

"पण गंजानेच झालं, हा आपला अंदाज झाला. पुरावा कुठे आहे?"

पोरगी डोळे पुसत होती. तिने सारंगाकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं.

"काका, चिमूटभर गंज मिळेल का?"

तीस वर्षांत त्याच्याकडे गंज कुणी मागितला नव्हता. तो ऐटीत निघाला, आणि तासभर जहाजभर हिंडला. कठडे पाहिले, शिड्या पाहिल्या, होड्या टांगायचे आकडे पाहिले. कुठे म्हणजे कुठे गंज नाही. सगळा याच शहाण्याने खरवडून ठेवलेला. खलाशी पोट धरून हसत होते. शेवटी तो नांगराच्या साखळीखाली पालथा पडला आणि हात घालून, नव्या प्लास्टिकच्या पुडीत, तांबूस चिमूट घेऊन आला. ती पुडी त्याने ओंजळीत धरून आणली.

चार दिवसांनी पोरीने त्याला हाक मारली. गंज घातलेल्या नव्या बाटलीतलं पाणी त्याच्यासमोर गाळलं. कागद हिरवागार निघाला. सरांनी मान डोलावून वही पोरीपुढे सरकवली.

वहीत तीन ओळी होत्या. साधं पाणी, लोह घातलेलं पाणी, आणि तिसरी तिने आत्ताच लिहिलेली: सारंगकाकांनी दिलेला गंज घातलेलं पाणी. सारंगाने ती ओळ दोनदा वाचली. मग पोरीचे हात पाहिले. कातडी भरून येत होती.