बाभळीचा ठोकळा

रबर घासल्याचा वास कंचनला सगळ्यांत आधी आला. जीप कारंजा मागे टाकून कामरगावच्या रस्त्याला लागली होती. प्रत्येक खड्ड्याला पुढचं डावं चाक मडगार्डच्या पत्र्याला आतून लागत होतं. मागच्या बाकावरून ती एकदा चाकाकडे बघायची, एकदा सूर्याकडे. सूर्य ज्वारीच्या बराच वर होता, तरी दर खेपेला तिला तो खाली सरकलेला वाटायचा.

"हेमसिंगभाऊ, टायर घासतंय."

"घासू द्या, बाई," हेमसिंग मान न वळवता म्हणाला. "स्प्रिंगचे पाटे म्हातारे झाले. मीबी होऊन राह्यलो. पोचवतो तुमाले."

पुढे ड्रायव्हरशेजारी तिचा नवरा पदमचंद बसला होता. शेलूबाजारात त्याचं कापडाचं दुकान होतं आणि अंगानं तो भरपूर होता. "जरा हळू घे बे," तो म्हणाला. तेवढ्यात एका मोरीवर काडकन आवाज झाला आणि जीपनं डावीकडे नाक टेकवलं.

सकाळी कामरगावहून निरोप आला होता. भागिरथीभुवा, कंचनच्या वडिलांची बहीण, संथाऱ्यावर, जैनांच्या मरणापर्यंतच्या उपासावर, होती. अन्न तिनं केव्हाच सोडलं होतं. आज सूर्य मावळला की शेवटपर्यंतचं मौन घेणार होती. 'कंचन त्याच्या आधी आली तं बोलीन, नाई तं तशीच चूप होईन,' एवढंच तिनं सांगून पाठवलं होतं. कंचनला आई नव्हती. भुवानं तिला वाढवलं, भावाशी भांडून अमरावतीला शिकायला पाठवलं. बेडूक कापावा लागतो म्हणून प्राणिशास्त्र नको, तर पदार्थविज्ञान घे, हेही तिनंच सुचवलं. दुपारची एसटी आली नाही, म्हणून हेमसिंगची जीप. लष्कराच्या लिलावातली.

हेमसिंग खाली सरपटला आणि खालूनच बोलला, "मधले दोन पाटे तुटले. वरचा एकटाच तग धरून हाये."

कंचन वाकून बघू लागली. एकावर एक बांधलेल्या कमानदार लोखंडी पट्ट्या, त्यांतल्या दोन मध्येच तुटलेल्या. उरलेली पट्टी सरळ होऊन गेली होती. गाडीचा सांगाडा जवळजवळ चाकांच्या आसावर टेकला होता.

"मंग आता?" पदमचंदनं विचारलं.

"सांगाडा जॅकवर उचलतो. आस अन् सांगाडा यांच्यात लाकडाचा ठोकळा ठोकतो, दोरानं आवळतो. हाडं खिळखिळी होतीन, पण गाडी चालन." हेमसिंगनं सीटखालून कुऱ्हाड काढली आणि बांधावरच्या बाभळीकडे निघाला.

"ए थांब! आज चौदस हाये. हिरवं तोडू नको."

"शेटजी, ते झाड हाये. मेथीची जुडी नाई."

"झाडात जीव नसते का बे? वाळकं पाह्य."

कंचनही वाळकं लाकूड शोधू लागली. चौदसेला त्यांच्या घरात भाजी चिरली जात नसे, पापड आणि डाळीवर जेवण होई. लहानपणापासून त्या दिवशी तिनं पान तोडलं नव्हतं. हेमसिंगनं पुटपुटत कुंपणातला एक वाळका ओंडका उपसला, तासला आणि बसवला. जीपचं नाक वर आलं.

नाला ओलांडेपर्यंत ती नीट चालली. नाल्याच्या चढावर परत काडकन आवाज आला.

ओंडका उभा फाटला होता. कंचननं एक ढलपी उचलून बोटांत मोडली. कोरडी, आतून किडलेली. उभ्या गाडीचं वजन त्यानं पेललंही असतं, पण खड्ड्यात बसणारा हिसका त्या वजनाच्या कितीतरी पट होता. ओलं लाकूड दबलं असतं, असं फाटलं नसतं. हे तिला पहिल्या वेळीच दिसत होतं. सूर्य आता कणसांना टेकायला आला होता. रस्त्यावर एक बैलगाडी दिसली, तीही कारंज्याकडे जाणारी.

हेमसिंगनं दोघांकडे बघितलं. "शेटजी, तुमी तोंड तिकडं करा. मले ना चौदस, ना आठम. मी तोडतो."

पदमचंदनं थोडा विचार केला. "हां. तू तोडलं तं आपल्याले दोष नाई."

"करवलं काय अन् केलं काय, दोष सारखाच," कंचन म्हणाली. "लहानपणी भुवानं हेच पाठ करून घेतलं होतं. द्या इकडे कुऱ्हाड."

"काहून? तुले जमन का?"

"तुम्ही मागे बसा. ड्रायव्हरच्या मागच्या कोपऱ्यात. डावीकडचा भार कमी होईल."

"ऐका, शेटजी," हेमसिंग म्हणाला. "आज तुमचं वजन धरमाच्या कामी येऊन राह्यलं."

पहिला घाव निसटला. काट्यांनी मनगट ओरबाडलं. झाडाची क्षमा मागायला ती हात जोडून थांबली नाही, वेळ नव्हता. घाव घालत राहिली. फांदी पडली तेव्हा तिच्या कापलेल्या टोकाला पाणी सुटलं होतं. हेमसिंगनं ठोकळा काढला, ठोकला, बांधला. तो आवळत असताना ती उगाच दोराचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

कामरगावात शिरताना ऊन फक्त छपरांवर उरलं होतं. ती चपला गाडीतच टाकून धावली.

भुवा जमिनीवर चटईवर होती, अगदी लहान झालेली. डोळे उघडे होते.

"पोचली का? उशीर काहून केला वं?"

"गाडीचे पाटे तुटले, भुवा."

दारातून धापा टाकत पदमचंद घाईनं म्हणाला, "हेमसिंगनं बाभूळ तोडली, म्हणून पोचलो."

भुवानं कंचनचा हात ओढून घेतला. मनगटावरचे ओरखडे बघितले, तळव्यात अडकलेला काटा चाचपला.

"हा हात हेमसिंगचा कवा झाला?"



"मी तोडली," कंचन म्हणाली. "एक फांदी. झाड आहे अजून. माफ कर, भुवा. मिच्छामि दुक्कडम्."

"मले कायले म्हणतं? ज्याची फांदी तोडली, त्या झाडाले म्हण." भुवाचा श्वास थांबला, परत लागला. "जाताना थांबजो तिथं. अन् हे घे."

नखांनी तिनं काटा धरला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा निघाला. तो कंचनच्या तळव्यावर ठेवून तिनं मूठ मिटवली. छपरावरचं ऊन गेलं होतं. भुवानं हात जोडले आणि ओठ मिटले.

कंचन मूठ मिटून तिथंच बसली. बाहेर हेमसिंग जीपखाली वाकून ठोकळा ठोकून बघत होता.

"बाई," त्यानं हाक मारली, "हालला नाई बरं. परत जायाले काही भेव नाई."

"वाटेत एका जागी थांबायचं आहे," ती आतूनच म्हणाली.