नाव तेच, वजन वेगळं

"आधी एकच गोष्ट बंद कर. मग बघ. मग दुसरी. दोन गोष्टी एकदम बंद केल्यास, तर चोर कोण ते जन्मभर कळायचं नाही."

काकांनी मला हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं. काका म्हणजे आमच्या स्टुडिओतले रंगकार. शूटिंगमध्ये एका शॉटला चेहरा काळवंडलेला, दुसऱ्याला आभाळ फिकट, असं आलेलं चित्र ते सॉफ्टवेअरमध्ये बसून एकसारखं करायचे. माझं काम राखणदारीचं. रोज संध्याकाळी सहाला प्रत्येक यंत्रातल्या सगळ्या फाइलींची प्रत काढून ठेवायची. हा नेम मी कधी चुकवला नाही.

तर एके दिवशी काकांच्या त्या अंधाऱ्या खोलीत बावीस माणसं कोंबली होती. पडद्यावरची नायिका कावीळ झाल्यासारखी पिवळी, आणि समोर खुर्चीत रंगमहाराज. हा गृहस्थ मूळचा आमचीच यंत्रं दुरुस्त करणारा, त्यामुळे स्टुडिओत केव्हाही यायचा-जायचा. दुरुस्ती जमेना, म्हणून महाराज झाला. गळ्यात चांदीची डबी होती, तिला तो ताईत म्हणे.

"डोळे मिटा! मनात एकवीस वेळा 'शुद्ध' म्हणा. मध्येच कुणी डोळे उघडले, तर त्याच्या हार्ड डिस्कला मी जबाबदार नाही!"

आमचा संकलक आजवर कुणाच्या बापाला घाबरला नव्हता. हार्ड डिस्कचं नाव निघताच त्यानंही डोळे गच्च मिटले. मीसुद्धा मिटले, हे कबूल करायला हवं.

"आता यंत्राला झोपवा आणि उठवा."

म्हणजे सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. नायिका टवटवीत गुलाबी! मालकांनी महाराजांचे पाय धरले. ध्वनिमुद्रकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला लाल-हिरव्यातला फरक जन्मापासून कळत नाही, पण गर्दीत रडायला रंग कशाला कळावे लागतात?

पुढच्या गुरुवारी महाराज 'नुसती शुद्धी' करून गेले आणि शुक्रवारी नायिका पुन्हा पिवळी. नवल असं, की तेच प्रोजेक्ट शेजारच्या खोलीत उघडलं तर ठणठणीत.

"आता समजलं!" महाराज बोट नाचवत म्हणाले. "प्रोजेक्ट तेच, तिथे निरोगी, इथे आजारी. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं! म्हाताऱ्याची नजर गेलीये. तीच यंत्राला लागलीये."

"पण महाराज, पिवळं तर आम्हालाही दिसतंय," संकलक चाचरत म्हणाला.

"तुम्हालाही लागली!"

यावर कुणी हसलं नाही. बावीस शहाणी माणसं, पण माना अशा डोलावल्या की नंदीबैलानं लाजावं. मालकांनी तीस वर्षं इथे राबलेल्या काकांना घरी बसवलं. काका चष्मा पुसत बाहेर पडले. रंगकाराचे डोळे गेले ही बातमी म्हणजे गवयाचा गळा गेल्याची बातमी. त्याला पुन्हा कोण उभं करणार? रिकाम्या खुर्चीत बसायला महाराजांचा भाचा तयारच होता. त्याचा अर्ज आधीच टाइप करून आणलेला! दैवी दृष्टी ती हीच.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी त्या खोलीत जाऊन बसले. एक गोष्ट बंद केली: काकांनी दिलेले सगळे रंग. तरी पिवळं. म्हणजे काकांचा हात निर्दोष. मग पडदा बदलला. तरी पिवळं. मग 'लट' (LUT) बंद केली. कुठला रंग पडद्यावर कसा दाखवायचा, ते सांगणारी ही छोटीशी फाइल. पिवळेपणा क्षणात गेला. लट प्रोजेक्टबरोबर फिरत नाही, ज्याच्या त्याच्या यंत्रात असते. म्हणून शेजारच्या खोलीत सगळं ठीक! मी माझ्या जुन्या प्रतीतली लट काढून शेजारी ठेवली. नाव तेच, वजन वेगळं, म्हणजे आतला मजकूरच दुसरा. आणि बदलल्याची तारीख गुरुवारची, वेळ शुद्धीची: आम्ही सगळे डोळे मिटून, यंत्रापाशी फक्त महाराज आणि त्याची डबी.

सोमवारी भाच्याच्या हस्ते शेवटची शुद्धी ठरली. पुन्हा गर्दी, पुन्हा "डोळे मिटा."

"महाराज," मी म्हटलं, "तेवढा ताईत टेबलावर काढून ठेवा आणि मग करा."

"बाई, श्रद्धा नाही का तुमची?"

"आहे. रोज पहाटे देवापुढे बसते, म्हणूनच म्हणते. देवाला डबी लागत नाही."

महाराजांचा हात गळ्याशी गेला. पण संकलकाला मी सकाळीच सगळं दाखवलं होतं. त्यानं त्याआधीच डबी ओढली. आत पेन ड्राइव्ह. त्यात दोन फोल्डर: एक 'बरं', दुसरं 'आजारी'. दोन्हींत एकाच नावाची लट. दुरुस्तीप्रमाणे लबाडीही याला धड जमली नव्हती.

"आता सगळ्यांनी डोळे उघडे ठेवा," मी म्हटलं. 'आजारी'मधली लट मालकांच्याच यंत्रात टाकली, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाचं चित्रीकरण लावलं. नवरी पिवळी, नवरदेव पिवळा, हार घालणारे मालक सगळ्यांत पिवळे.

"मालक, तुम्हाला कुणाची नजर लागली?" संकलक म्हणाला, आणि खोली पहिल्यांदा हसली. तेवढ्यात महाराज आणि भाचा जिना उतरले. डबी राहिली.

मी काकांच्या घरी फोन लावला. काकू म्हणाल्या, "ते फोनवर येत नाहीत गं. खिडकीत शिवणाचे दोरे घेऊन बसलेत. हा हिरवा का करडा, असं मला विचारतात. सगळे बरोबर ओळखतात, तरी पुन्हा विचारतात."

"काकू, त्यांना म्हणावं दोरे ठेवा. मी येते. दोन्ही लटी आणते, त्यांच्यासमोर लावून दाखवते. आजच."

वाचकहो, देव मानायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कुणी डोळे मिटायला सांगून चमत्कार दाखवत असेल, तर डोळे उघडेच ठेवा. एकेक गोष्ट बंद करून बघा. आपण न तपासता मान डोलावतो, तेव्हा एखाद्या भल्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास जातो.

मालक माफीचं पत्र लिहायला बसले होते आणि पहिल्याच ओळीवर अडले होते. त्यांच्यासाठी थांबायला मला वेळ नव्हता. लॅपटॉप पिशवीत घातला, चपला पायात सरकवल्या आणि कुणाला न सांगता जिना उतरले.