बंदूक जमा करण्याचं कारण

शहरातला गंगापूर रोड मागं पडला की द्राक्षबागा लागतात, तिथल्या एका गावात बहिरूनानाला सगळे 'बंदूकवाले नाना' म्हणत. नवख्याला वाटावं, केवढा शूर गडी! अहो, कसला शूर? बंदूक वडिलांची, परवाना वारशानं आलेला, आणि पंधरा वर्षांत दसऱ्याला हळदकुंकू वाहणं आणि निवडणुकीला ठाण्यात पोचवणं, यापलीकडं नानानं तिला बोट लावलं नव्हतं. तिच्याकडं नुसतं पाहिलं तरी त्याच्या तळहाताला घाम सुटायचा. पण हे गावाला कशाला सांगायचं? डुकरं मक्यात शिरली, बिबट्या दिसला, की लोक दारात यायचे आणि नाना हळहळायचा, "काय करू बाबांनो, आचारसंहिता लागली, बंदूक ठाण्यात जमा हाय!" आपल्याकडं निवडणुकांना काय तोटा? लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. नानाची अब्रू आपोआप झाकली जायची.

यंदा ऐन निवडणुकीच्या तोंडावर टेक्सासहून त्याचा पुतण्या दीपक आला आणि पारावर तिकडच्या बंदुकांचा विषय निघाला.

"नाना, अडीचशे वर्षांपूर्वी तिकडचे शेतकरी घरच्या बंदुका घेऊन इंग्रजांच्या फौजेपुढं उभे राहिले. पुढं राज्यघटनेत दुरुस्ती करून लिहूनच टाकलं, शस्त्र बाळगायचा लोकांचा हक्क काढून घ्यायचा नाही. आता त्या एका वाक्याचा नेमका अर्थ काय, यावर तिकडं अजून कोर्टात भांडतात, पण..."

पुढचं ऐकायला नाना जाग्यावर होता कुठं? छाती फुगवून तो उभाच राहिला. "शेतकरीच ना ते? मग मी कोन हाय? यंदा बंदूक जमा करनार नाय. कोन न्यायला येतंय, बघतोच!"

टाळ्या पडल्या. फकिरा सरपंचानं पाठ थोपटली. नाना तीन दिवस नुसता हवेत होता.

चौथ्या दिवशी भर दुपारी फकिराच्या उसात बिबट्या दिसला. वनखात्याचा पिंजरा यायला वेळ होता. अख्खं गाव नानाच्या दारात. "नाना, मारायचा नाय त्याला. हवेत नुसते दोन बार काढा, जाईल पळून."

'जमा हाय' हे शब्द नानाच्या ओठांवर आले आणि तिथंच अडकले. "आलोच, काडतुसं घेतो," म्हणत तो आत गेला, बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि मागच्या दारानं मोटारसायकल काढली. बायको बयाबाई काही न विचारता मागं बसली.

ठाण्यात उज्वला हवालदार होत्या. त्यांनी यादी चाळली. "नाना, आता सरसकट सगळ्यांच्या बंदुका घेत नाहीत. कुणाची घ्यायची ते जिल्ह्याची समिती ठरवते. तुमच्यावर एक गुन्हा नाही. सरळ माणूस! न्या घरी, तुमचा हक्कच आहे."

हक्क! नानाला रडूच यायचं बाकी राहिलं. "ताई, एखादा बारकासा गुन्हा नाय का लावता येनार?"

उज्वलाबाई पोट धरून हसल्या. "स्वखुशीनं ठेवायची असेल तर अर्ज करा. पण कारण लिहावं लागेल."

नाना 'घराचं काम काढलंय' असं लिहिणार, तेवढ्यात दीपकचा फोन आला. "नाना, फकिरातात्यांनी फटाक्यांची माळ लावली, गेला बिबट्या! पण तुम्ही कुठं आहात? सगळे विचारतायत."

नानानं लुगड्यातल्या त्या लांबलचक गाठोड्याकडं पाहिलं. पंधरा वर्षं थापा मारून जीव खरंच कंटाळला होता.

"ठाण्यात हाय. बंदूक ठेवून येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मग कारणाच्या रकान्यात त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं, 'मला हिची लय भीती वाटते.'

बयाबाईनं खांद्यावरून वाकून वाचलं. मग तिनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"सरका जरा," ती म्हणाली. "पंधरा वर्षं त्याच खोलीत झोपतेय मी. माझीबी सही होऊ द्या खाली."