टेकडीवरच्या टेलिफोनची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना लष्करी टेलिफोन आहे. चामड्याची पेटी, आत काळा रिसिव्हर, बाजूला फिरवायचा दांडा. कारखान्यात माझ्या तारा जोडणाऱ्या बाईंनी पेटी बंद करण्याआधी रिसिव्हर कानाला लावून पाहिला आणि त्या हसल्या. तेवढंच काय ते माझं निर्धास्त बालपण.

मग मी टेकडीवर गेलो. तिथे तारा जोडून निरोप देणारा-घेणारा शिपाई, म्हणजे तारवाला, मला सांभाळी. पाऊस आला की मला स्वतःच्या कोटात घेई. टेकडीवरच्या तुकडीचे प्रमुख सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या तपासत, म्हणून शिपाई त्यांना मास्तर म्हणत. त्यांचा एक नियम होता. वरून आलेला हुकूम तारवाल्याने जसाच्या तसा, मोठ्याने परत म्हणायचा. आधी म्हणायचं, "ऐकलं तसं म्हणतो." जिवावर बेतणारी गोष्ट सगळ्यांच्या कानांवर पडावी, असं मास्तरांना वाटे.

शत्रू टेकडीला वेढू लागला, तेव्हा मास्तरांनी माझ्यातून पुन्हा पुन्हा विचारलं, नदीवरचा पूल शाबूत आहे तोवर माणसं मागे घेऊ का? तोफगोळे जवळ पडत होते. माझी घंटी आपोआप किणकिणत होती. अखेर पलीकडून एक जाड, शांत आवाज आला. तारवाल्याने तो परत म्हटला, "ऐकलं तसं म्हणतो. जागा सोडायची नाही. कुमक निघाली आहे."

कुमक आली नाही. पूल गेला. ते शब्द ऐकणाऱ्यांपैकी मास्तर आणि तारवाला तेवढे परतले, आणि तारवाल्याच्या काखेत मी.

पराभवाला कुणीतरी धनी लागतो. माघारीचा हुकूम वेळेवर दिला होता, मास्तरांनीच हट्टाने पाळला नाही, असं वर ठरलं. चौकशीच्या खोलीत मला पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं. खुर्चीतल्या साहेबांनी तोंड उघडलं आणि माझ्या तारा गोठल्या. तोच जाड, शांत आवाज! तारवाल्यानेही तो ओळखला असावा. माझ्यावर ठेवलेला त्याचा हात घामाने ओला झाला.

साहेबांनी आधी त्याच्या मुलीची विचारपूस केली. शाळेत एकटीच जाते का, कुठल्या रस्त्याने जाते. मग म्हणाले, "हे बघ, माघारीचा निरोप तू मास्तरांना दिलास ना? दिला असशील तर सुटलास. दिला नसशील, तर तो तूच दाबलास."

भिंतीजवळ उभ्या मास्तरांनी तारवाल्याकडे पाहून हलकेच मान डोलावली. हो म्हण, असं ते सांगत होते.

तारवाल्याने रिसिव्हर उचलला. माझी तार कुठेच जोडलेली नव्हती. टेकडीवर उभा राही तसाच तो उभा राहिला. "ऐकलं तसं म्हणतो. जागा सोडायची नाही. कुमक निघाली आहे." आवाज कापत होता. शब्द तेच होते.

मित्रांनो, गोष्टींत यानंतर न्याय होतो. तिथे झाला नाही. मास्तरांवरचा डाग राहिला, तारवाल्याची नोकरी गेली आणि मी नादुरुस्त ठरून भंगारात पडलो. तिथून त्यानेच मला शोधून आणलं आणि आपल्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात फळीवर ठेवलं. रस्त्यात लोक मास्तरांना टाळत, म्हणून ते दुकानात येऊन बसत. शेजारचा न्हावी चिडवी, "तुझ्याकडे गिऱ्हाईक कमी आणि मास्तर जास्त." तारवाला म्हणे, "मास्तर बसले की दुकान भरतं." दाराशी अनोळखी गाडी थांबली, की मात्र आम्ही तिघेही गप्प होत असू.

आधी मास्तर गेले. यंदा तारवालाही गेला. दुकान रिकामं करायला त्याची मुलगी आली. फळीवरच्या वस्तू एकेक करून खोक्यात पडू लागल्या. आता पुन्हा भंगार, या भीतीने मी गारठलो. तिने मला खाली घेतलं, रुमालाने पुसलं आणि रिसिव्हर कानाला लावला. आत काहीच नव्हतं. तरी तिने तो खाली ठेवला नाही. मग अगदी हळू म्हणाली, "ऐकलं तसं म्हणते."

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा पुसून पाहा. आणि कुणाबद्दलचं खरं तुमच्या कानांवर पडलं असेल, तर त्यावरही धूळ बसू देऊ नका. भीती वाटेल. आम्हालाही वाटत होती.