दोन मिलिमीटर कमी

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची पट्टी आहे. वीतभर लांब, टोकाला जराशी वाकलेली. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं, कुणाच्या तरी दप्तरात जाईन, वहीत समास आखीन. कसलं काय! मी येऊन पडले रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत.

इथल्या ताईंनी मला लगेच कामाला जुंपलं. त्या रुग्णाच्या जखमेतले जंतू काचेच्या बशीत वाढवत आणि वर निरनिराळ्या प्रतिजैविकांत, म्हणजे अँटिबायोटिक औषधांत, भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवत. औषधानं जंतूंना रोखलं, की दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल दिसे. तो मोजायचं काम माझं. गोल पुरेसा मोठा असेल, तरच ते औषध लागू पडणार. डॉक्टर माझ्या आकड्यावर औषध ठरवत. केवढा मान, सांगा बरं!

एकदा बशी आली ती ताईंच्या वडिलांचीच. पायाची जखम चिघळलेली, ताप हटत नव्हता. बाबांची खोड घरात सगळ्यांना ठाऊक होती. जरा बरं वाटलं की गोळ्या बंद. उरलेल्या डब्यात, आणि पुढच्या तापाला त्यातल्याच दोन. अशानं जंतू शेफारणार नाहीत तर काय!

ताई एकेक चकती बघत गेल्या. बहुतेकींभोवती गोलच नाही. चालू असलेल्या इंजेक्शनचा गोल होता, पण हवा त्याहून दोन मिलिमीटर कमी. त्यांनी मला पुसलं, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. आकडा तोच.

निकाल विचारायला आलेला त्यांचा भाऊ दारातूनच म्हणाला, "दोन मिलिमीटरनं काय होतंय गं? लिहून टाक ना, चालेल म्हणून."

"मी लिहिलं म्हणून जंतू मरणार आहेत का, दादा?"

डोळे पुसून त्यांनी खरा आकडा लिहिला. धन्य ती बाई! शेवटच्या चकतीभोवती मात्र ऐसपैस गोल निघाला. औषध जुनं, साधंच. डॉक्टरांनी त्याच दिवशी ते सुरू केलं आणि चार दिवसांत ताप उतरला. पुढे बाबा स्वतःच्या पायांनी चालत आले. गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवत म्हणाले, "बघ, एकही ठेवली नाही!"

आता मोजणी यंत्र करतं. मी खणात पडून असते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मला विसरलात तरी चालेल. प्रतिजैविकं मात्र मनानं घेऊ नका, मनानं सोडू नका, साठवू नका. नाहीतर एक दिवस तुमच्याच कुणाची तरी बशी येईल, आणि तिच्यात मोजायला एकही गोल नसेल.